ध्रुवपद आणि कडवे : लोकप्रिय गीताच्या अर्थनिर्णयनातील एक नैतिक प्रश्न

१

लोकप्रिय गीताच्या शब्दांना काही खोल अर्थ असतो काय, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने दीर्घकाळ गांभीर्याने विचारला नाही. असे गीत बाजारासाठी निर्माण होते, ते अल्पायुषी असते आणि त्यातील शब्द चालीला आधार देण्यापुरतेच असतात, अशी धारणा या उपेक्षेमागे होती. थिओडोर अडोर्नो याने १९४१ साली लोकप्रिय संगीताच्या साचेबंदपणाची जी मीमांसा केली, तिने या धारणेला तात्त्विक अधिष्ठान दिले. गीताचा साचा आधीच ठरलेला असेल आणि श्रोत्याची प्रतिक्रियाही त्या साच्यातच नियोजित असेल, तर अर्थनिर्णयनाला काही काम उरत नाही. पुढे हे चित्र पालटले. गीतसंहिता विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाल्या आणि २०१६ साली बॉब डिलन याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. गीताला खोली असते की नाही, हा वाद आता बराच मागे पडला आहे. ती खोली कोठे शोधावयाची आणि शोधणाऱ्यावर कोणती बंधने असतात, हे प्रश्न मात्र तितक्या स्पष्टपणे विचारले गेलेले नाहीत.

‘खोल अर्थ’ हा शब्दप्रयोगच मुळात एक रूपक आहे. अर्थ शब्दांच्या खाली पुरलेला असतो, वरचे शब्द हे त्याचे झाकण असते आणि अर्थ लावणारा ते झाकण दूर करतो, असे हे रूपक सुचविते. पॉल रिकर याने मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांच्या संदर्भात ज्याला संशयाचे अर्थनिर्णयन म्हटले, त्याचे हे सामान्य व्यवहारातील रूप होय. सुझन सॉन्टॅग हिने १९६४ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अर्थनिर्णयनाच्या ज्या अतिरेकाविरुद्ध तक्रार केली, तिचा रोखही याच उत्खननवृत्तीवर होता. लोकप्रिय गीताच्या क्षेत्रात ही वृत्ती विशेष बळावली, कारण गीताचा वाच्यार्थ बहुधा सोपा असतो आणि सोपेपणा हाच संशयाला आमंत्रण ठरतो. आपल्या जुन्या शाळेत बीटल्सच्या गीतांचे वर्गात विश्लेषण केले जाते, हे जॉन लेनन याला एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळले आणि तेव्हा त्याने ‘आय अ‍ॅम द वॉलरस’ या १९६७ सालच्या गीतात मुद्दामच विसंगत प्रतिमांची भर घातली, असे त्याच्या बालमित्राने नोंदविले आहे. या हकिगतीतील विनोद बाजूला ठेवला तरी तिच्यातून एक गोष्ट उघड होते. अर्थ पुरलेलाच असतो, असे गृहीत धरणाऱ्याला रिकाम्या जमिनीतही काही ना काही सापडते.

हे केवळ हास्यास्पदच असते असे नाही. १९६८ सालच्या बीटल्सच्या ‘हेल्टर स्केल्टर’ या गीताचे नाव इंग्लंडमधील जत्रेत मनोऱ्याभोवती असणाऱ्या नागमोडी घसरगुंडीवरून आले आहे. चार्ल्स मॅन्सन याने या गीतात येऊ घातलेल्या वंशयुद्धाची भविष्यवाणी वाचली आणि १९६९ सालच्या हत्याकांडामागे हेच वाचन होते, अशी मांडणी अभियोग पक्षाने न्यायालयात केली. १९९० साली अमेरिकेतील रीनो येथे ‘जूडास प्रीस्ट’ या वाद्यवृंदावर खटला चालला. दोन तरुणांच्या आत्मघाताला एका ध्वनिमुद्रणात दडविलेली आज्ञा कारणीभूत झाली, असा वादींचा दावा होता. ज्या ध्वनीला आज्ञा मानले जात होते तो श्वास आणि वाद्यनाद यांच्या योगायोगाने झालेल्या मिश्रणातून उद्भवला आहे, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला. शब्द कोणता, तो उच्चारला गेला आहे काय आणि त्यामागे हेतू आहे काय, हे संहिताचिकित्सेचे प्रश्न येथे न्यायालयात सोडवावे लागले. अर्थ लावणे ही कृती आहे आणि कृतीला परिणाम असतात. म्हणूनच तिचा विचार सौंदर्यशास्त्राबरोबर नीतिशास्त्रातही करावा लागतो.

२

हा विचार ज्यावर कसून पाहता येईल असे एक उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीन याच्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ या १९८४ सालच्या गीताचे आहे. त्याचे अर्थनिर्णयन हा एका राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीचा भाग झाला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. गीताचा निवेदक एका मृतप्राय गावात जन्मलेला कामगारवर्गीय पुरुष आहे. किरकोळ गुन्ह्यात सापडल्यावर त्याच्या हाती बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला पाठविण्यात येते. परतल्यावर तेलशुद्धी कारखान्यात त्याला काम मिळत नाही आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी असलेल्या कार्यालयातूनही तो रिक्त हस्ते परततो. त्याचा एक भाऊ खे सान येथील लढाईत गेला आहे. सायगावमधील प्रेयसीच्या मिठीत असलेल्या त्या भावाचे एक छायाचित्र तेवढे निवेदकाजवळ उरले आहे. शेवटी तुरुंग आणि कारखाना यांच्या छायेत, जाण्यासारखे कोठेही नसलेला असा हा मनुष्य उभा राहतो. या कडव्यांच्या मधून जे ध्रुवपद येते ते मात्र एवढेच सांगते की, त्याचा जन्म अमेरिकेत झाला.

हा विषय स्प्रिंगस्टीनने बाहेरून उचललेला नव्हता. १९८१ सालच्या ऑगस्टमध्ये त्याने लॉस एंजेलिस येथे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेसाठी मदतनिधीचा कार्यक्रम केला होता. १९८२ च्या आरंभी या गीताचे एक मुद्रण त्याने केवळ गिटारच्या साथीने केले. ते १९९८ साली प्रकाशात आले. श्रोत्यांपर्यंत प्रथम पोहोचलेले रूप मात्र वेगळे होते. त्यात ढोलांचे प्रचंड आघात आहेत आणि सिंथेसायझरवरील एक छोटे, विजयघोषासारखे स्वरवाक्य पुनःपुन्हा येते. कडव्याखाली जे स्वरवाक्य वाजते तेच ध्रुवपदाखालीही वाजते. कडवे दुःखाचे आहे आणि ध्रुवपद अभिमानाचे आहे, असा भेद चाल स्वतः करीत नाही.

सप्टेंबर १९८४ मध्ये जॉर्ज विल या स्तंभलेखकाने स्प्रिंगस्टीनच्या मैफलीवर लिहिताना तीत अमेरिकेचे आनंदी समर्थन ऐकल्याचे नमूद केले. त्यानंतर काही दिवसांनी, १९ सप्टेंबर रोजी, न्यू जर्सीतील हॅमंटन येथील प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा उल्लेख केला. त्यांनी कोणत्याही एका गीताचे नाव घेतले नाही. परंतु त्या वर्षी देशभर गाजत असलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव सर्वांनाच ठाऊक होते. त्याच आठवड्यात पिट्सबर्ग येथील कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने या उल्लेखाला उपरोधाने उत्तर दिले आणि कारखाना बंद पडल्यावर हातून हत्या घडलेल्या एका कामगारावरचे ‘जॉनी ९९’ हे गीत गायिले.

या प्रसंगाचा समीक्षेत रूढ झालेला निर्वाळा असा : रेगन यांनी आणि मुठी उंचावून ध्रुवपद गाणाऱ्या जनसमूहाने गीत ऐकले, पण समजून घेतले नाही. गीताचा खरा अर्थ कडव्यांत आहे आणि ध्रुवपद उपरोधिक आहे. हा निर्वाळा राजकीयदृष्ट्या सोयीचा आहे आणि अंशतः योग्यही आहे. तरीही तो तपासून पाहिला पाहिजे, कारण त्यातही उत्खननाचे तेच रूपक दडलेले आहे. ध्रुवपद हे झाकण, कडवी हा खजिना आणि समीक्षक हा उत्खनक, अशी त्याची रचना आहे.

३

संस्कृत काव्यशास्त्रातील ध्वनिविचार येथे साहाय्यभूत होतो. आनंदवर्धनाने ध्वनीचे जे दोन मुख्य प्रकार कल्पिले, त्यांपैकी अविवक्षितवाच्य ध्वनीत वाच्यार्थ वक्त्याला अभिप्रेतच नसतो. त्याचाच एक पोटभेद असलेल्या अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनीत तर वाच्यार्थ पूर्णतः टाकून दिला जातो. उपरोधाची गणना स्थूलमानाने येथे करता येईल. दुसऱ्या, विवक्षितान्यपरवाच्य ध्वनीत वाच्यार्थ अभिप्रेत असतोच, परंतु तो स्वतःपाशी न थांबता पलीकडच्या अर्थाकडे नेतो. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चे ध्रुवपद उपरोधिक आहे असे म्हणणारा समीक्षक त्याला पहिल्या वर्गात टाकतो. वस्तुतः ते दुसऱ्या वर्गात बसते. निवेदकाचा जन्म खरोखरच अमेरिकेत झाला आहे. हे विधान तो उलट अर्थाने करीत नाही. ती त्याच्याजवळ उरलेली एकमेव मिळकत आहे. नोकरी नाही, भाऊ नाही, जाण्यासारखी जागा नाही, पण जन्मस्थान आहे. ज्या देशाने त्याला काहीही दिले नाही, त्या देशावर त्याचा हक्क ज्या एका वस्तुस्थितीने सिद्ध होतो तिचा उच्चार तो पुनःपुन्हा करतो. त्या उच्चारात अभिमान आहे, तक्रार आहे आणि मागणीही आहे. यांतील अभिमान काढून घेतला तर मागणीचा आधारच नाहीसा होतो, कारण परक्या देशाकडे कोणी अशी मागणी करीत नाही.

म्हणजे जनसमूहाने ध्रुवपदात जो अभिमान ऐकला तो गीतात नव्हताच असे नाही. तो होता. मात्र तो ज्या कडव्यांनी मिळविला होता, त्या कडव्यांवाचून तो उचलला गेला. व्यंग्यार्थाकडे जाण्याचा मार्ग वाच्यार्थातूनच जातो, हे सांगण्यासाठी आनंदवर्धनाने दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. ज्याला उजेड हवा असतो तो ज्योतीची निगा राखतो. कडवी गाळून ध्रुवपद ऐकणाऱ्याने ज्योत टाकून उजेड नेला आणि ध्रुवपद खोटे ठरविणाऱ्या समीक्षकाने ज्योत राखून उजेड नाकारला. दोन्ही वाचनांत वगळण्याचीच क्रिया आहे. ती फक्त विरुद्ध दिशांनी होते.

या गीताच्या रचनेतील एक तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. भावाच्या मृत्यूच्या कडव्यानंतर ध्रुवपद येत नाही. श्रोत्याचा कान त्याची वाट पाहतो, परंतु तेथे शब्दांचा खंड पडतो आणि मग पुढचे कडवे सुरू होते. ज्याचा जन्म त्याच देशात झाला असा आणखी एक मनुष्य आता जन्मस्थान सांगायला उरलेला नाही. ध्रुवपदाच्या या अनुपस्थितीचा अर्थ ज्याला जाणवला त्याला ते उपरोधिक वाटणार नाही आणि निखळ जयघोषासारखेही वाटणार नाही. येथे खोली शब्दांच्या खाली दडलेली नाही. दोन भागांमधल्या अंतरात ती उघडपणे मांडलेली आहे आणि दोन्ही भाग ऐकणाऱ्या कोणालाही ती उपलब्ध आहे.

मम्मटाने आर्थी व्यंजनेचे जे नियामक घटक सांगितले, त्यांत वक्ता, श्रोता, काकू, वाक्य, वाच्यार्थ, इतरांचे सान्निध्य, प्रसंग, देश आणि काल यांचा समावेश होतो. लोकप्रिय गीताच्या मीमांसेला ही यादी आश्चर्यकारक रीत्या उपयोगी पडते, कारण कागदावरच्या कवितेत जे घटक अनुमानाने शोधावे लागतात ते गीतात प्रत्यक्ष ऐकू येतात. चाल ही विस्तारित काकूच होय. स्प्रिंगस्टीनने १९९५ नंतरच्या एकल दौऱ्यात हेच गीत गिटारवर, विजयघोषाचे स्वरवाक्य सोडून, शोकगीतासारखे गायिले, तेव्हा शब्द तेच असूनही काकू बदलली आणि अभिमानाचा स्वर जवळपास मावळला. मराठी श्रोत्याला ही गोष्ट अपरिचित नाही. दिंडीत टाळमृदंगाच्या गजरात म्हटला जाणारा अभंग आणि सभागृहात मैफलीच्या अंगाने विस्तारला जाणारा तोच अभंग यांत प्रसंग बदलतो, श्रोता बदलतो आणि म्हणून व्यंग्यही बदलते.

कीर्तनपरंपरेतील एक शब्दप्रयोगही येथे विचारार्ह आहे. कीर्तनकार अभंगाचे चरण उलगडतो आणि साथीदार ‘ध्रुपद धरतात’. चरण एकाचे असतात, ध्रुपद सर्वांचे असते. ध्रुपद धरणे म्हणजे चरणांत जे सांगितले गेले त्याला समूहाने आपला आवाज देणे होय. ही कामाची विभागणी लोकप्रिय गीतातही आढळते. कडव्यात एक व्यक्ती बोलते आणि ध्रुवपदात श्रोते तिला मिळतात. त्यामुळे ध्रुवपद गाणे ही नैतिकदृष्ट्या तटस्थ कृती राहत नाही. ती साथ असते. कोणाला साथ दिली जात आहे हे न पाहता ध्रुपद धरणाऱ्याने काहीतरी गायिले हे खरे, पण ज्याचे चरण होते तो एकटाच राहिला.

४

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. रोलां बार्थ याने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तिचे तात्पर्य वाचकाच्या मुक्ततेत होते. विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी त्यापूर्वी, १९४६ सालीच, लेखकाचा हेतू हा अर्थाचा निकष मानण्यातील तर्कदोष दाखविला होता. मग स्प्रिंगस्टीनला काय म्हणावयाचे होते, याचा दाखला देऊन श्रोत्याला चूक कसे ठरवावयाचे? शिवाय लोकप्रिय गीत हे वाचण्यासाठी नसतेच. ते स्वयंपाक करताना, प्रवासात, नाचताना, अर्धवट ऐकले जाते. श्रोता त्याचा उपयोग करतो आणि त्या उपयोगाला कोणाची अनुज्ञा लागत नाही.

आक्षेपाचा पहिला भाग मान्य करूनही वरील विवेचन टिकते, कारण ते लेखकाच्या हेतूवर आधारलेले नाही. ते गीताच्या ऐकू येणाऱ्या घटकांवर आधारलेले आहे. लेखक पूर्णतः अज्ञात असता तरी भावाच्या कडव्यानंतरचे मौन तेथे असतेच. दुसऱ्या भागासाठी उम्बेर्तो एको याने केलेला संहितेचा उपयोग आणि संहितेचे अर्थनिर्णयन यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. उपयोग करणारा गीताविषयी काहीही विधान करीत नाही. अर्थ लावणारा मात्र ‘हे गीत असे म्हणते’ असा दावा करतो आणि प्रत्येक दावा तपासणीस पात्र असतो.

‘द पोलीस’ या वाद्यवृंदाचे १९८३ सालचे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे गीत या भेदाची कसोटी पाहणारे आहे. सोडून गेलेल्या स्त्रीच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणाऱ्या पुरुषाचे ते स्वगत आहे. गीतकार स्टिंग याने त्यातील काळी बाजू आणि पाळतीचा भाव वारंवार मान्य केला आहे. तरीही हे गीत विवाहसमारंभांत हौसेने वाजविले जाते. त्याचे कारण चालीत आहे. जुन्या प्रेमगीतांनी परिचित केलेला स्वरसंगतीचा क्रम आणि गिटारवरची मंद, एकसारखी आवर्तने श्रोत्याला सुरक्षिततेचे आश्वासन देतात. १९९७ साली याच गिटारवाक्यावर एका मृत मित्रासाठी ‘आय विल बी मिसिंग यू’ हे शोकगीत रचले गेले, यावरून ती चाल किती भिन्न भावांना सामावून घेऊ शकते हे दिसते. विवाहप्रसंगी त्या गीतावर नृत्य करणाऱ्या दाम्पत्याने कोणता अपराध केला? उपयोग म्हणून पाहता कोणताही नाही. त्यांनी चालीतील आश्वासन घेतले आणि ते त्यांचे झाले.

परंतु प्रश्न एवढ्याने संपत नाही. त्या गीतात जिच्यावर पाळत ठेवली जाते ती स्त्री एकही शब्द बोलत नाही. तिची बाजू केवळ निवेदकाच्या दाव्यांतील अतिरेकातून श्रोत्याला तर्काने जाणावी लागते. ‘ही निष्ठेची पराकाष्ठा आहे’ असा अर्थ जेव्हा कोणी लावतो, तेव्हा ती स्त्री गीतातून नाहीशी होते. पाळतीला प्रेम म्हणण्याची सवय गीताबाहेरच्या जगातही आहे आणि तेथेही बोलू न शकणारी व्यक्ती अशीच नाहीशी होते. त्यामुळे असे वाचन केवळ चुकीचे ठरत नाही, ते अन्यायकारकही ठरते. येथून अर्थनिर्णयनाच्या नैतिक निकषाकडे जाता येते.

५

हा निकष असा मांडता येईल : अर्थ लावून झाल्यावर गीतातील मनुष्य शिल्लक राहतो काय? ‘मनुष्य’ म्हणजे येथे गीतकार किंवा गायक अभिप्रेत नाही. गीतात जो बोलतो, ज्याच्याविषयी बोलले जाते अथवा ज्याला उद्देशून बोलले जाते तो अभिप्रेत आहे. रेगन यांच्या आशावादी वाचनात परतलेला सैनिक उरत नाही. उत्खनक समीक्षकाच्या वाचनात सैनिक उरतो, पण आपल्या देशाचे नाव अभिमानाने उच्चारणारा सैनिक उरत नाही. समीक्षकाला मान्य होईल इतका भ्रमनिरास झालेला एक कल्पित मनुष्य त्याच्या जागी येतो. विवाहगीत म्हणून केलेल्या समर्थनात ती अबोल स्त्री उरत नाही. मॅन्सनच्या वाचनात तर कोणीच उरत नाही. गीत रिकामे होऊन त्या जागी वाचक स्वतः उभा राहतो. अतिवाचनाचा धोका त्याच्या कल्पकतेत नसतो. इतरांसाठी जागाच न ठेवण्यात तो असतो.

हा निकष सर्वत्र सारखाच लागू पडेल असे नाही. अनेक गीतांत मनुष्य इतका पुसट असतो की, त्याला न्याय देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘आय अ‍ॅम द वॉलरस’सारख्या गीतात शब्दांचा खेळ हाच विषय असतो आणि तेथे अर्थाची मोकळीक हीच निष्ठा ठरते. निकषाला दुसरीही मर्यादा आहे. गीतातील मनुष्य कोण, हे ठरविणे हेच मुळात अर्थनिर्णयन असते आणि त्याविषयी प्रामाणिक मतभेद राहू शकतात. परंतु असा मतभेद असलेल्या दोन वाचकांना एकमेकांशी बोलता येते. तुझ्या वाचनात अमुक कडवे कोठे गेले, असे एक दुसऱ्याला विचारू शकतो. वगळलेल्या भागाविषयी उत्तर देण्याची ही तयारी म्हणजेच अर्थनिर्णयनातील सचोटी होय. गुप्त अर्थाचा दावा करणारा नेमके हेच टाळतो. त्याचा पुरावा इतरांना ऐकू येत नाही आणि ऐकू न येणे हेच तो पुरावा म्हणून पुढे करतो.

लोकप्रिय गीत अभ्यासाचा विषय झाल्यापासून अभ्यासकाला एक मोह सदैव असतो. लाखो लोकांनी ऐकले, पण समजले मात्र आपल्यालाच, हा तो मोह होय. सामान्य श्रोता ध्रुवपद धरतो आणि अभ्यासक कडवे वाचतो, ही विभागणी या मोहाला पोषक ठरते. मैदानात मुठी उंचावणाऱ्यांनी कडव्यांकडे दुर्लक्ष केले हे मान्य केले, तरी ध्रुवपदात दुखावलेल्या माणसाचा स्वाभिमान आहे हे त्यांच्या कंठांना कळले होते आणि पुष्कळ समीक्षकांना ते कळले नाही. सहृदय ही संज्ञा येथे तिच्या मूळ अर्थाने घ्यावी लागते. कवीशी समान हृदय असणारा तो सहृदय, असे काव्यशास्त्र सांगते. गीताच्या बाबतीत ही समानता एका बाजूला गीतातील मनुष्याशी आणि दुसऱ्या बाजूला शेजारी उभे राहून तेच ध्रुवपद गाणाऱ्याशीही असावी लागते. अभ्यासकाचे काम शेजाऱ्याला गप्प करण्याचे नाही. त्याच्याबरोबर ध्रुवपद धरावे आणि पुढचे कडवे ऐकण्यासाठी दोघांनीही थांबावे, एवढेच ते आहे.